एफएनपी बोर्ड परीक्षा: तीन महिने खानापुरात आहे, अभ्यास कसा लावावा?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. नर्सिंग बेळगावात, मग अमेरिकेत आरएन (नोंदणीकृत नर्स), आणि आता तिथलाच एमएसएनचा (नर्सिंगमधली मास्टर्स) फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एफएनपी, कोर्स संपलाय. क्लिनिकलचे तास भरलेत, डिग्री निघायची तेवढी बाकी. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तीन महिने इकडे आहे. परत गेल्यावर बोर्ड द्यायचंय.

विचारायचं ते असं. एक, एफएनपीची परीक्षा घेणारी तिथली दोन बोर्डं, त्यांपैकी एएएनपीसीबी द्यावं की एएनसीसी? वर्गातले निम्मे इकडे, निम्मे तिकडे. दोन, क्वेश्चन बँकेत ६० ते ६५ टक्क्यांवर अडकलेय. निदान बरोबर येतं, पण "आता पुढे काय कराल" आणि "पहिलं औषध कोणतं" इथे हमखास चुकतं. तीन, ओळखीच्या एका डॉक्टरांची ओपीडी आहे, रोज सकाळी येऊन बसा म्हणतात. हात चालू राहील म्हणून बसावं का?

दिवसाला चारेक तास मिळतील, तेही सलग नाहीत.

---

वडगाव_नाका

ताई, पहिल्याचं आधी. परवान्यासाठी दोन्ही चालतात, फरक पेपरात आहे.

एएएनपीसीबीत १५० प्रश्न, ३ तास. त्यातले १५ चाचपणीचे, गुण १३५ चेच धरतात. कुठले १५ ते कळत नाही. निकाल २०० ते ८०० च्या पट्टीवर, ५०० ला पास. एएनसीसीत १७५ प्रश्न, साडेतीन तास, २५ चाचपणीचे, आणि ५०० पैकी ३५० लागतात. हे आकडे टक्के नव्हेत, त्यामुळे क्वेश्चन बँकेतल्या ६५ शी त्यांची तुलना करू नका. वेळेचं गणित मात्र दोन्हीकडे एकच पडतं, प्रश्नामागे ७२ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून कोरा एकही सोडायचा नाही.

एएएनपीसीबी जवळजवळ पूर्ण रुग्णाभोवती फिरतं: तपासणी, निदान, योजना, आणि उपचाराचा परिणाम पाहणं, असे चार खण. एएनसीसीत त्याच्या जोडीला संशोधनाचे प्रकार, गुणवत्ता सुधारणा, नीतिनियम असलं बरंच येतं. शिवाय एकाहून जास्त उत्तरं निवडायचे, ओढून जागेवर ठेवायचे असे प्रश्नही असतात. तुम्हाला निदान येतंय, अडतं ते पुढच्या पायरीवर, तर मी एएएनपीसीबी म्हणेन. पुढे शिकवायच्या लाइनीत जायचं असेल आणि संशोधनाचा पेपर डोक्यात ताजा असेल तरच एएनसीसीचा विचार करा.

अर्जाची घाई करू नका. मंजुरी आली की एएएनपीसीबीची १२० दिवसांची मुदत सुरू होते. खानापुरात बसून आत्ता अर्ज टाकलात तर त्यातले निम्म्याहून जास्त दिवस इथेच जातील. ट्रान्सक्रिप्टचंही (कॉलेजच्या गुणपत्रकाचं) ध्यानात असू द्या. कोर्स पूर्ण झाल्यावर डिग्रीची नोंद व्हायच्या आधी परीक्षेला बसता येतं, पण डिग्री नोंदलेली अंतिम ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडून पोचेपर्यंत सर्टिफिकेट सुटत नाही. पास होऊनही नोकरी लांबते ती इथे.

आणि नाव. आपल्याकडे दहावीच्या मार्क्सकार्डावर वडिलांचं नाव मधे, पासपोर्टवर ते दिलेल्या नावाला चिकटलेलं, लग्नानंतर आडनाव तिसरंच. परीक्षेच्या दारात प्रवेशपत्रावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षराला अक्षर जुळावं लागतं. अर्जात नाव भरताना जे ओळखपत्र त्या दिवशी दाखवणार ते समोर ठेवूनच भरा. बेळगावचं १ नोव्हेंबर २०१४ ला कागदोपत्री बेळगावी झालं, म्हणून जुन्या-नव्या कागदांवर गावाचं स्पेलिंग वेगळं दिसतं. दारात जुळवतात ते माणसाचं नाव, गावाचं नव्हे.

नापास झालात तर: एएएनपीसीबी कॅलेंडर वर्षात दोनदाच बसू देतं, आणि दुसऱ्यांदा बसण्याआधी कच्च्या विषयांत १५ तासांचं सीई (पुढचं व्यावसायिक शिक्षण) करून दाखवावं लागतं. एएनसीसीत ६० दिवस थांबायचं, १२ महिन्यांत जास्तीत जास्त तीनदा.

---

सेकंड_गेट

दुसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण खरी अडचण तिथेच आहे, आणि ती आपल्याकडून गेलेल्या बहुतेकींची असते.

"पुढे काय" मध्ये चूक होते त्याची दोन कारणं. पहिलं, एनसीएलएक्सची (आरएन परवान्याच्या परीक्षेची) सवय. तिथे "प्रोव्हायडरला कळवा" हे बऱ्याचदा बरोबर उत्तर असतं. इथे प्रोव्हायडर तुम्हीच. "तज्ज्ञाकडे पाठवा" हा पर्याय डोळ्यांना सुरक्षित वाटतो आणि बहुतेक वेळा चुकीचा निघतो. पाठवायचं ते मोजक्या ठिकाणी: अचानक वृषण दुखतंय आणि क्रेमास्टेरिक रिफ्लेक्स (मांडीला आतून स्पर्श केल्यावर वृषण वर ओढलं जाणं) नाही (टॉर्शन, म्हणजे पीळ पडलाय, सहा तासांच्या आत सोडवलं तर वाचतं), डोळा लाल, दुखरा, बुबुळ धुरकट आणि दिव्याभोवती वलयं (अँगल क्लोजर), पाठदुखीत लघवी तुंबली आणि मांड्यांच्या आतल्या भागाला बधिरपणा (कॉडा इक्वायना), पाळी चुकलेली आणि एका बाजूला ओटीपोट दुखतंय (एक्टोपिक). अशी पंधराएक चित्रं वेगळ्या पानावर काढा, बाकी सगळं तुम्हीच करायचं. टेम्पोरल आर्टेरायटिसचा (कानशिलाच्या धमनीची सूज) प्रश्न यात फसवा: पन्नाशीपुढचा रुग्ण, कानशील दुखतंय, चावताना जबडा दुखतो, नजर अंधुक. तिथे बायोप्सीची वाट न पाहता स्टिरॉइड आधी सुरू करायचं. नुसतं पाठवलं तर डोळा जातो.

दुसरं कारण आपल्या ओपीडीची सवय. एकच उदाहरण नीट सोडवू.

३२ वर्षांची बाई, दोन दिवस लघवीला जळजळ, वारंवार जावं लागतं. ताप नाही, कुशीत दुखत नाही, अंगावरून जात नाही, गरोदर नाही. सल्फाने पूर्वी अंगावर पुरळ आलं होतं. पर्याय: सिप्रोफ्लॉक्सासिन, नायट्रोफ्युरँटॉइन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा, कल्चर येईपर्यंत थांबा. इकडे सवयीने हात ऑफ्लॉक्सासिन किंवा सेफिक्झिमकडे जातो, म्हणून पेपरातही सिप्रो बरोबर वाटतं. उत्तर नायट्रोफ्युरँटॉइन, १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ५ दिवस. साध्या सिस्टायटिसला (मूत्राशयाच्या संसर्गाला) फ्लुरोक्विनोलोन, म्हणजे सिप्रोच्या गटातलं औषध, मागे ठेवायचं, कारण टेंडन फाटणं, नसांना इजा असे त्याचे धोके साध्या जळजळीसाठी पत्करण्याजोगे नाहीत. सल्फा ॲलर्जीत गेलं. कल्चरसाठी थांबायचं कारणच नाही.

आता याच प्रश्नात एकेक शब्द बदला. ताप १०२ फॅरनहाइट आणि कुशीत ठोकल्यावर दुखतंय: झालं पायलोनेफ्रायटिस, म्हणजे मूत्रपिंडाचा संसर्ग. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयात भरपूर जमतं, पण मूत्रपिंडाच्या पेशीजालात पुरेसं पोचत नाही, म्हणून ते बाद. कल्चर पाठवायचं आणि फ्लुरोक्विनोलोन इथे चालतं. गरोदर आहे: फ्लुरोक्विनोलोन नाही, कल्चर पाठवायचंच, सेफॅलेक्सिनसारखं काही द्यायचं आणि उपचारानंतर पुन्हा कल्चर करून संसर्ग गेल्याची खात्री करायची, दिवस भरत आल्यावर नायट्रोफ्युरँटॉइनही नाही. वय ८०, क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) ३० च्या खाली: पुन्हा नायट्रोफ्युरँटॉइन बाद. पुरुष असेल तर साधा संसर्ग म्हणून धरायचाच नाही.

दिवसाला ६० प्रश्न उडवण्यापेक्षा २५ प्रश्न असे सोलून काढा. परीक्षा घेणारे रोग बदलत नाहीत, रुग्ण बदलतात.

हीच गोष्ट घशाची. इकडे घसा धरला की ॲझिथ्रोमायसिन तीन दिवस. तिथे आधी सेंटॉरचे गुण मोजायचे: ताप, टॉन्सिलवर पू, मानेच्या पुढच्या गाठी दुखऱ्या, आणि खोकला *नसणे*. वय ३ ते १४ ला एक गुण जास्त, ४५ च्या पुढे एक कमी. मग रॅपिड टेस्ट, आणि पॉझिटिव्ह आली तर पेनिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन १० दिवस. ॲझिथ्रो फक्त पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असेल तेव्हा. दम्याचंही तसंच. डेरिफायलिनचं इंजेक्शन हे त्या पेपरात उत्तर म्हणून येणारच नाही. श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड आणि फॉर्मोटेरॉल एकाच इन्हेलरमध्ये, ते रोजही आणि दम लागल्यावरही, हे पक्कं करा.

औषधांची नावं उलटी-पालटी आहेत ती पाठच करा. तुम्हाला नोकरीमुळे बरीच येत असतील, पण इथे महिनाभर राहिलं की जीभ जुन्या नावांवर परत येते: पॅरासिटामॉल म्हणजे ॲसिटामिनोफेन, सॅलब्युटॅमॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनॅलिन म्हणजे एपिनेफ्रिन, रिफाम्पिसिन म्हणजे रिफाम्पिन, ग्लिबेनक्लामाइड म्हणजे ग्लायब्युराइड. शेवटचं महत्त्वाचं, कारण बीअर्सच्या यादीत वृद्धांना टाळायच्या औषधांत ते ठळक आहे: साखर खूप वेळ खाली राहते. नाइमसुलाइड आणि डॉम्पेरिडॉन तिकडे मंजूरच नाहीत, तेव्हा ती डोक्यातून काढून टाका.

---

निपाणी_बीएस्सी

मधेच विचारतो, माफ करा. इथून बी.एस्सी. झालेल्याला थेट एफएनपीची परीक्षा देता येते का? एकजण म्हणाला कोचिंग लावलं की बसता येतं.

---

वडगाव_नाका

नाही. अमेरिकेतला आरएन परवाना हवा आणि तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेतली एफएनपी पदव्युत्तर पदवी हवी, त्यात किमान ५०० तास देखरेखीखालचं क्लिनिकल. त्याच्याही आधी कर्नाटक स्टेट नर्सिंग कौन्सिलचं व्हेरिफिकेशन, शिक्षणाची तपासणी आणि एनसीएलएक्स. "थेट बसवतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आपल्याकडचं नर्स प्रॅक्टिशनर वेगळं आहे: इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरचा दोन वर्षांचा आणि मिडवाइफरीचा दीड वर्षाचा कोर्स. गावात प्राथमिक उपचाराचंच काम करायचं असेल तर सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) हे त्याला सगळ्यात जवळचं पद. वेगळा धागा काढ, तिथे नीट लिहितो.

---

कॅम्पातला_स्टेथो

ओपीडीबद्दल. बसा, पण औषधं बघायला नको. सेकंड_गेट यांनी वर लिहिलंय तेच होईल: सकाळी बघितलेलं प्रिस्क्रिप्शन संध्याकाळी पेपरात उत्तर म्हणून डोकावेल. आठवड्यातून दोन सकाळी, त्या फक्त तपासणीसाठी: कान, छाती, हृदय, त्वचा.

हृदयाचं मुद्दाम सांगतो. मायट्रल स्टेनोसिस (हृदयाची मायट्रल झडप अरुंद होणं) तिकडे क्वचित कानावर पडतो, पेपरात मात्र असतो. रुमॅटिक आजारामुळे आपल्या भागात असे रुग्ण अजून येतात. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवा, स्टेथोची बेल हलकेच टोकावर ठेवा, डायस्टोलमध्ये खालच्या पट्टीतली घरघर आणि त्याआधीचा टक असा आवाज ऐका. बेल दाबून धरली तर ती डायफ्रामसारखी वागते आणि खालचा सूर गळतो, म्हणूनच बहुतेकांना तो सापडत नाही. शेजारच्या खाटेवर ॲओर्टिक स्टेनोसिस असला तर दुधात साखर: तो सिस्टोलमध्ये, उजव्या दुसऱ्या फटीत, मानेकडे जाणारा. मायट्रल गळती टोकावर, काखेकडे जाणारी. हे तीन एकदा कानात बसले की त्यावरचा प्रश्न वाचता वाचता सुटतो.

कानात पडदा फुगलेला आणि लाल असेल तर ओटायटिस मीडिया. नुसतं पाणी साचलंय, फुगवटा नाही, मूल खेळतंय, तर अँटिबायोटिक नाही. डोस तिथे किलोला दिवसाचे ८० ते ९० मिलिग्रॅम ॲमॉक्सिसिलिन, दोन भागांत. वजन पौंडात देतात हे विसरू नका: २२ पौंडांचं मूल म्हणजे १० किलो, ९० ने ९०० मिलिग्रॅम, एका वेळेला ४५०. तिकडचं सस्पेन्शन ५ मिलिलिटरला ४०० चं, म्हणजे साधारण ५.६ मिलिलिटर. आपल्याकडे १२५ किंवा २५० चं सिरप डोक्यात असतं, त्यामुळे उत्तर दुप्पट-तिप्पट भलतंच येतं. दोन वर्षांखालच्या मुलाला १० दिवस.

त्वचेत एक पथ्य. पुस्तकातला लालसरपणा गोऱ्या कातडीवरचा असतो. सावळ्या कातडीवर तोच जांभळट किंवा करडा दिसतो. इथे बघितलेलं तिथे नोकरीत उपयोगी पडेल.

आणि पेन हातात घेऊ नका. तुमचा कुठलाच परवाना इथे प्रिस्क्रिप्शनला चालत नाही, डॉक्टर कितीही "लिहा की हो" म्हणाले तरी.

---

सेकंड_गेट

मला तरी दोन सकाळीही जास्त वाटतात, चारच तास आहेत त्यांच्याकडे. पण कान आणि हृदयासाठी ठीक.

वेळापत्रकाचं. बारा आठवडे समान वाटू नका. हृदय-रक्तदाब आणि श्वसन यांना तीन आठवडे, मधुमेह-थायरॉइडला एक, स्त्रीरोग-गरोदरपण-लैंगिक संसर्गांना दोन, मुलांना दोन. हाडं-सांधे, त्वचा, पोट, मानसिक आजार यांना मिळून दोन पुरतात. उरलेले दोन फक्त पूर्ण सराव परीक्षा आणि चुका. बोर्ड स्वतःची सराव परीक्षा विकतं, ती शेवटी ठेवा. आधीच संपवलीत तर मोजमापच राहत नाही.

चुकांच्या वहीत तीन रकाने: मी काय निवडलं, प्रश्नातला कुठला शब्द त्याला नाही म्हणत होता, आणि नियम एका ओळीत. मधला रकाना भरताना कंटाळा येतो आणि गुण तिथेच वाढतात.

इकडचे आकडे आणि तिकडचे आकडे यांची सरमिसळ हा आणखी एक सापळा. रक्तदाब १३०/८० पासून पहिली पायरी. गोवराची लस आपल्याकडे ९ ते १२ महिने आणि १६ ते २४ महिने. तिथे १२ ते १५ महिने आणि ४ ते ६ वर्षं. तुमच्या डोक्यात अंगणवाडीचं कार्ड पक्कं बसलेलं असणार, ते बाजूला ठेवा. महिन्याच्या आतल्या बाळाला गुदद्वारातून १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे थेट हॉस्पिटल, बाळ कितीही छान दिसो. आतड्याच्या कर्करोगाची तपासणी ४५ ते ७५. स्तनांची ४० ते ७४, दर दोन वर्षांनी. फुप्फुसाचं लो डोस सीटी ५० ते ८०, वीस पॅक-वर्षं (रोजची पाकिटं गुणिले वर्षं), आणि अजून ओढतो किंवा सोडून १५ वर्षं झाली नाहीत. पोटातल्या महाधमनीची सोनोग्राफी एकदाच, ६५ ते ७५ चा पुरुष, कधीतरी सिगरेट ओढलेला. ही एका पानावर लिहून भिंतीला लावा.

वाचण्याची पद्धतही बदला. मराठी माध्यमातून आलेल्यांना मोठा परिच्छेद वरून खाली नीट वाचायची सवय असते, त्यात ३०-४० सेकंद जातात. आधी शेवटची ओळ वाचा, काय विचारलंय ते कळू दे. मग वय, किती दिवस झाले, ॲलर्जी, चालू औषधं. माहिती अपुरी असेल तर उत्तर तपासणीत शोधायचं. माहिती पूर्ण असेल तर पुन्हा तपासणी निवडणं म्हणजे गुण घालवणं.

तीन तासांची सराव परीक्षा ठेवाल त्या दिवशी हेस्कॉम, म्हणजे वीज कंपनी, लाईट बंद ठेवणार नाही ना बघा, आणि लॅपटॉप चार्ज, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार. मधे लाईट गेली की घड्याळ थांबतं आणि त्या निकालाला अर्थ उरत नाही. परतल्यावर चौथ्या दिवशीची तारीख घेऊ नका. पूर्व किनाऱ्यावर सकाळी ९ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा-साडेसात. शरीर वळायला निदान दहा दिवस द्या.

---

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. एएएनपीसीबी नक्की, अर्ज दोन महिन्यांनी. ओपीडी आठवड्यातून एक सकाळ.

आजच अडलेला प्रश्न टाकते. भारतातून दोन वर्षांपूर्वी आलेला २८ वर्षांचा माणूस, लहानपणी बीसीजी (क्षयाची लस) घेतलेली, लक्षणं काही नाहीत, ट्युबरक्युलिन टेस्ट (क्षयासाठी त्वचेत टोचून करायची) ११ मिलिमीटर. मी "बीसीजीमुळे आहे, दुर्लक्ष करा" निवडलं. चूक आलं.

---

कॅम्पातला_स्टेथो

टेस्ट वाचताना बीसीजी धरायचीच नाही. हद्द माणसाच्या जोखमीवर ठरते. एचआयव्ही, क्षयरुग्णाचा जवळचा सहवास, अवयव बसवलेला, छातीच्या एक्स-रेत जुने व्रण: ५ मिलिमीटर. क्षय जास्त असलेल्या देशातून पाच वर्षांच्या आत आलेला, मधुमेही, दवाखान्यात किंवा तुरुंगात काम करणारा: १०. काहीच जोखीम नाही: १५. तुमचा माणूस १० च्या गटातला, म्हणून ११ पॉझिटिव्ह. मोजायचा तो फुगवटा, भोवतालची लाली नव्हे.

पुढची पायरी छातीचा एक्स-रे आणि लक्षणांची विचारपूस. एक्स-रे साफ असेल तर सुप्त क्षय, आणि त्याला उपचार द्यायचे: रिफाम्पिन चार महिने, किंवा आयसोनायाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. प्रश्नात "बीसीजी घेतलेल्यासाठी कुठली टेस्ट निवडाल" असं विचारलं तर रक्ताची, आयजीआरए. ती बीसीजीने पॉझिटिव्ह येत नाही. एक्स-रेच्या आधी औषध सुरू केलेला पर्याय दिसला तर तो सोडा. सक्रिय क्षय असला तर एकच औषध देऊन जंतू त्याला दाद देईनासे होतात.